सबनीसभाऊंच्या बॅगेतली गोळी

पद्मिनी रणदिवे ही विसरणाऱ्यांतली बाई नव्हती. सांगलीच्या शाळेत एका मैत्रिणीनं तिची रिबीन नेली आणि परत दिली नाही. पुढे त्या मैत्रिणीच्या लग्नात ही अक्षता टाकायला गेली, पोटभर जेवली आणि निघताना नवरीच्या कानात रिबिनीची आठवण करून आली. नवरा नंदकुमार हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगायचा. एकोणीसशे ब्याण्णव सालानंतर त्यानं तो सांगणं सोडून दिलं. त्या साली बायकोनं जो डूख धरला, त्याच्यावर हसायची त्याचीही छाती नव्हती.

नंदकुमार लखनौच्या अमौसी विमानतळावर मालवाहतुकीच्या खात्यात होता. विमानतळ जवळ म्हणून सरोजिनी नगरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. लखनौमध्ये मराठी माणसाला नातेवाईक नसतात, म्हणून तो हाताला लागेल त्याला नातेवाईक करून टाकतो. बँकेतले, कारखान्यातले, विद्यापीठातले असे सगळे मिळून जे काही मराठी कुटुंबांचं गणगोत होतं, त्याचे कारभारी होते लक्ष्मीकांत सबनीस. ते एका औषध कंपनीचे विक्री अधिकारी. दिवसभर डॉक्टरांच्या दारात बसून आपल्या गोळ्यांची महती गायची, हा त्यांचा धंदा. गणपतीची वर्गणी त्यांच्याकडे, नाटकाची तालीम त्यांच्या जानकीपुरमच्या घरी, आणि दुखलंखुपलं की औषधही त्यांच्याच तपकिरी चामडी बॅगेतलं.

त्या बॅगेचं फार कौतुक होतं. तिच्यात डॉक्टरांना वाटायच्या नमुन्याच्या गोळ्या असत, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारलेल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेऊन निघायच्या तशा एकेक पाकीटही घेऊन निघायच्या. कोणाला पित्ताचं, कोणाला सांधेदुखीचं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हिंदीत बोलायचं. भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती हिंदी सगळ्यांना येत होती, पण कंबरेखालचं दुखणं परक्या भाषेत सांगताना बाईची जीभ अडखळते. सबनीसभाऊ आपल्या भाषेत विचारायचे, आपल्या भाषेत समजवायचे. एवढ्यावर लोकांनी त्यांना धन्वंतरी करून ठेवलं होतं. औषध विकणं वेगळं आणि औषध देणं वेगळं, हे त्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पद्मिनीला सख्खा भाऊ नव्हता. लखनौला आल्याच्या पहिल्याच दिवाळीत सबनीसांनी पाट मांडायला लावला आणि भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घेतलं. त्यांची बायको सुचित्रावहिनी म्हणाली, “आता आम्हीच तुझं माहेर.” पद्मिनीची आई कधीच वारलेली. तिला ते बोलणं इतकं गोड लागलं की घरी येताना टेम्पोत ती रडली.

लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस राहिले. पाचवा महिना सरता सरता पायांवर सूज आली आणि डोकं ठणकायला लागलं. कानपूर रोडवर डॉक्टर निखत रिझवींचा दवाखाना होता. त्यांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, दिवसातून तीनदा घ्यायची गोळी दिली आणि दर आठवड्याला येऊन दाखवायला बजावलं. गोळी जुनी, पण गरोदर बायकांना देऊन देऊन पारखलेली. तिचा एक जाच होता. घेतली की झोप यायची, तोंडाला कोरड पडायची. पद्मिनी पोळ्या लाटता लाटता पेंगू लागली.

“कुठली गोळी दिलीय बघू,” सबनीस म्हणाले. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसले. “अगं, ही आजोबांच्या काळातली. तीन तीन वेळा घ्या आणि दिवसभर डुलक्या काढा. आता नवीन आलीय, दिवसाला एकच. हार्टचे मोठमोठे डॉक्टर लिहून देतायत.”

“पण भाऊ, पोटात बाळ आहे. मॅडमना विचारून घेऊ का एकदा?”

“मॅडमना काय विचारायचं? कुठलं औषध लिहायचं ते त्यांना आम्हीच सांगतो.” बॅग उघडून त्यांनी चार पाकिटं तिच्या ओंजळीत घातली. “बहीण म्हणतो तुला. आपल्या माणसाला मी विष देईन का?”

तिनं जुनी गोळी बंद केली आणि नवी सुरू केली. झोप उडाली. डोकं हलकं झालं. सबनीसांकडे रक्तदाबाचं यंत्र होतं, तेच येऊन मोजायचे आणि आकडा उतरलाय म्हणून मान डोलवायचे. आकडा खरंच उतरला होता. मग आठवड्याच्या आठवड्याला दवाखान्यात जाऊन रांगेत बसायचं कशाला, असं पद्मिनीला वाटलं आणि तिनं रिझवीबाईंकडे जाणं सोडलं. नंदकुमारनं एकदा टोकलं. ती म्हणाली, भाऊ बघतायत ना.

सातव्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की पोट वाढत नाही. बाळ पूर्वी लाथा मारायचं, आता दिवसभरात एखादी कूस बदलावी तसं हलायचं. तेव्हा ती धावत रिझवीबाईंकडे गेली. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, “आप कौन सी दवा ले रही थीं?”

पद्मिनीनं पर्समधलं पाकीट काढून दिलं. त्यात दोन गोळ्या उरल्या होत्या.

“यह किसने दी आपको?”

“भाऊ ने. मतलब, भाई हैं हमारे.”

“डॉक्टर हैं?”

“नहीं. दवा कंपनी में हैं.” रिझवीबाईंनी कपाळाला हात लावला नाही की आरडाओरडा केला नाही. खुर्ची जवळ ओढून त्यांनी सोप्या हिंदीत सांगितलं की ही गोळी एरवी चांगली आहे, पण गरोदरपणात द्यायची नाही, असं आता लक्षात यायला लागलंय. ती बाळाच्या मूत्रपिंडावर जाते. बाळाची लघवी थांबते, म्हणून भोवतीचं पाणी आटतं आणि पाण्यावाचून त्याची फुप्फुसंही धरत नाहीत. “हंड्रेड परसेंट मैं नहीं कह सकती कि वजह यही है. पर मुझे और कोई वजह दिखती भी नहीं.”

मुलगा झाला. सकाळी झाला आणि संध्याकाळपर्यंत गेला. नाक थेट नंदकुमारचं होतं. पद्मिनीनं त्याला मांडीवर घेतलं तेव्हा त्याचा लंगोट कोरडा होता आणि शेवटपर्यंत तो कोरडाच राहिला.

सबनीस भेटायला आले ते डोळे पुसतच. “देवाच्या मनात नव्हतं,” म्हणाले. पद्मिनी उशीला टेकून बसली होती. तिनं ते दोन गोळ्यांचं पाकीट पुढे केलं आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. सबनीसांचा चेहरा उतरला. पण विक्रीच्या धंद्यात मुरलेला माणूस, त्याला सावरायला वेळ लागत नाही.

“पक्कं कोण सांगणार? तुझं बीपी होतंच मुळात. बीपीनं सुद्धा होतं असं,” ते म्हणाले आणि बोलता बोलता पाकीट घ्यायला त्यांनी हात पुढे केला. पद्मिनीनं मूठ मिटली. तो पुढे आलेला हात तिनं पाहून ठेवला. चुकून झालं, असं तो हात म्हणत असता तर कदाचित तिनं तो धरून रडूनही घेतलं असतं. पण तो हात पुरावा उचलायला आला होता.

त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की या माणसाच्या तोंडून, याच्याच माणसांसमोर, हे वदवून घ्यायचं. पैसा नको, पोलीस नको, कोर्टकचेरी नको. माझ्या गोळीनं तुझं मूल गेलं, एवढं वाक्य हवं होतं. ते मिळेपर्यंत त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी तिनं शपथ घेतली. पुढे तिला पुन्हा मूल झालं नाही. शपथ तेवढी वाढत गेली.

वहिनीनं तिच्या जखमेवर मीठ चोळलं. पुढच्या वर्षी गणगोतातल्या एका मुलीचं डोहाळजेवण होतं. बायका रांगेनं ओटी भरत होत्या. पद्मिनीची पाळी आली तशी सुचित्रावहिनीनं तबक अलगद तिच्यापुढून काढून पलीकडच्या बाईसमोर धरलं. मूल गेलेल्या बाईनं ओटी भरू नये, एवढंच तिला सुचवायचं होतं. आणि मूल नेलेल्या घरची बाई मात्र तबक मिरवत होती. पद्मिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, भावी आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि न जेवता घरी आली.

मग तिनं उट्टं काढायला सुरुवात केली. आधी ती हिंदी शिकली. शेजारच्या पांडेय भाभीकडे रोज दुपारी बसून तिनं सगळे अवयव, सगळी दुखणी आणि लाजेच्या सगळ्या गोष्टी हिंदीत बोलायला शिकून घेतलं. कोणाला दिवस राहिल्याचं कानावर आलं की ही त्या घरी हजर. “चला, मी येते रिझवीबाईंकडे. तुम्ही मराठीत सांगा, मी त्यांना हिंदीत सांगते.” आधी ती पर्स उघडून दाखवायला लावायची. आत बॅगेतलं पाकीट निघालं की ते डॉक्टरच्या टेबलावर ठेवायची. स्वतः कधी गोळी चांगली की वाईट ते बोलायची नाही. एकच सांगायची, की डॉक्टरला विचारल्याशिवाय नवी गोळी घ्यायची नाही आणि चालू असलेली आपल्या मनानं बंद करायची नाही. “मी दोन्ही केलंय,” असं म्हणायची आणि त्यापुढे कोणी वाद घालत नसे.

यात दया होती का? लोक नंतर म्हणाले, होती. पद्मिनीला विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती. जी जी बाई सबनीसांची गोळी टाकून रिझवीबाईंच्या रांगेत बसायची, ती ती तिला सबनीसांच्या मिशीचा एक केस उपटल्यासारखी वाटायची.

पण सबनीसांचं नाव काही पडेना. ते दर गणपतीत अध्यक्षाच्या खुर्चीत. पद्मिनीच्या गोळीचा विषय निघाला की आवाज मऊ करून म्हणायचे, “बिचारीच्या मनावर परिणाम झालाय. आपण समजून घ्यायचं.” लोक समजून घ्यायचे. तिच्याकडे असं समजून घेतलेल्या नजरेनं कोणी पाहिलं की तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. गेली काही वर्षं सबनीस गरोदर बाईला बॅगेतलं काही देत नाहीत, एवढं तिच्या कानावर आलं होतं. आपल्याला घाबरले, अशी तिनं समजूत करून घेतली आणि त्यावर थोडी खूशही होती.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात ती कोणाला तरी घेऊन रिझवीबाईंकडे गेली असताना बाकावर पूर्वा बसलेली दिसली. पूर्वा सबनीसांची एकुलती एक मुलगी. लहानपणी पद्मिनीकडे येऊन वेण्या घालून घ्यायची. आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लखनौमध्येच वाढल्यामुळे तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडात हिंदीच.

“अरे काकू, आप?” तिनं हात धरून बसवून घेतलं. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा लागत नव्हता. पद्मिनीनं ते पाय पाहिले.

“बीपी आहे का गं?”

“हाँ ना. पर दवा चल रही है.” पूर्वानं पर्समधून पाकीट काढून दाखवलं. पद्मिनीनं ते हातात घेतलं. तीच जुनी, दिवसातून तीनदा घ्यायची, झोप आणणारी गोळी. आजोबांच्या काळातली.

“बाबांना माहीत आहे, ही घेतेस ते?”

“बाबा ही तो लाए मुझे यहाँ. मैंने कहा आपके बैग में इतनी अच्छी नई वाली है, दिन में एक, तो इतना डाँटा मुझे. बोले, वो प्रेग्नेंसी में कभी नहीं लेते, बच्चे की किडनी ख़राब हो जाती है.”

बाकावर बसल्या बसल्या पद्मिनीच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे याला माहीत आहे. कधीपासून आहे? बॅगेतून देणं बंद केलं ते तिच्या धाकानं नव्हे, माहीत झालं म्हणून. आणि माहीत होऊनही हा माणूस लोकांना सांगत फिरला की बिचारीच्या मनावर परिणाम झालाय. पाच वर्षं तिला वाटत होतं की आपलं वैर एका अडाणी घमेंडीशी आहे. आता कळलं की ते एका भेकडाशी होतं.

“काकू, मेरे डोहाळजेवण में आइएगा ज़रूर. आई बुलाए न बुलाए, मैं बुला रही हूँ.”

“येते की,” पद्मिनी म्हणाली.

मधल्या दिवसांत तिनं मनात शंभर वेळा ते डोहाळजेवण उधळून लावलं. भर बायकांत पाकीट फेकायचं, किंचाळायचं, सबनीसाच्या कॉलरला हात घालायचा. पण दर वेळी ते सुजलेले पाय मध्ये येत. त्या पोरीचा रक्तदाब आधीच चढा, तिच्यासमोर तमाशा केला आणि तिला काही झालं तर? बापाची गोळी आणि आपली जीभ यांत फरक काय राहिला? पद्मिनी स्वतःवरच चिडली. बदला घ्यायचा तर होताच, पण पोरीला धक्का न लावता घ्यायचा होता, आणि मग तिला सुचलं की आवाज चढवायची गरजच नाही.

जानकीपुरमच्या त्या घरात ती पाच वर्षांनी पाऊल टाकत होती. पूर्वाला फुलांच्या झोक्यावर बसवलं होतं. सगळ्या जुन्या बायका जमल्या होत्या, सबनीस दाराशी उभे राहून पुरुषमंडळींना आइस्क्रीमच्या वाट्या देत होते. ओटी सुरू झाली. पद्मिनीची पाळी आली आणि वहिनीचं तबक पुन्हा पलीकडे वळलं. तेवढ्यात झोक्यावरून पूर्वा म्हणाली, “आई, पहले काकू से भरवाओ.” तबक परत आलं.

पद्मिनीनं कुंकू लावलं, खण-नारळ घातला, तांदळाची ओंजळ पूर्वाच्या पदरात सोडता सोडता अगदी घरगुती चौकशीच्या सुरात विचारलं, “बीपीची गोळी वेळेवर घेतेस ना गं?”

“हाँ काकू, तीनों टाइम.”

“झोप येते ना तिनं? मला फार यायची. म्हणून तर बाबांनी मला बॅगेतली नवी दिली होती. तू का नाही घेत ती?”

“वो तो बाबा ने मना किया है ना,” पूर्वा हसत म्हणाली. “बच्चे की किडनी पे असर करती है.”

“बरोबर सांगितलंय बाबांनी. ऐक त्यांचं,” पद्मिनी म्हणाली. तिनं पूर्वाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हे कौतुक तिनं मनापासून केलं, त्यात खोट नव्हती.

पूर्वाला काही उमगलं नाही, त्या गोळीचं घरात कोणी तिच्या कानावर पडू दिलं नव्हतं. ती पदर सावरत पुढच्या बाईकडे वळली. पण खोलीतल्या बाकीच्या बायकांना ब्याण्णव साल आठवत होतं. ओटीचं गाणं म्हणणारी बाई मधल्याच ओळीत थांबली. एकीनं दुसरीकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून दाराकडे पाहिलं. सबनीस आइस्क्रीमची वाटी हातात धरून उभे होते आणि त्यांना ती कोणाला द्यायची हे आठवत नव्हतं.

पद्मिनी जेवायला थांबली नाही. फाटकाशी सबनीसांनी तिला गाठलं.

“पद्मिनी, ऐक. तुला दिली तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं गं. पुढच्या वर्षी कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं आम्हाला.”

“मग त्या दिवशी माझ्या घरी का नाही आलात?”

सबनीसांनी मागे वळून घराकडे पाहिलं. “पूर्वाला सांगू नकोस. हात जोडतो.”

“मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आज नाही, तिचं बीपी चढेल. बाळ होऊ दे, तिला बरं वाटू दे, मग बारशाला सगळ्यांसमोर सांगा. मी थांबते तोवर.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला, तुमच्या दर गणपतीला मी पहिल्या रांगेत येऊन बसेन आणि तुमच्याकडे बघत राहीन. आज बायकांनी पाहिलं ना तुमच्याकडे, तसं.”

पूर्वाला मुलगी झाली, धडधाकट, भोकाड पसरून घर डोक्यावर घेणारी. बारशाला पद्मिनी ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेत येऊन बसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये ते दोन गोळ्यांचं पाकीट. पाळणा झाला, नाव ठेवलं. नात आजोबांच्या मांडीवर आली. सबनीसांनी एकदा पद्मिनीकडे पाहिलं. ती नुसती बसली होती.

“मला एक सांगायचंय,” ते म्हणाले. पुढचं त्यांना नीट बोलता आलं नाही, पण बोलले. बॅग, नवी गोळी, बंद करायला लावलेली जुनी, कंपनीची मीटिंग, आणि मनावर परिणाम झाल्याची थाप. “पद्मिनीचं मूल माझ्यामुळे गेलं,” हे वाक्य त्यांनी शेवटी म्हटलं. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

पूर्वा उठली. बापाशी एक अक्षर बोलली नाही. त्यांच्या मांडीवरचं बाळ तिनं उचललं, छातीशी धरलं आणि जाऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली. सबनीसांचे हात मात्र बाळ धरल्यासारखे तसेच राहिले.

त्या हातांकडे पद्मिनीनं डोळे भरून पाहिलं. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, पण वाटलं नाही. कोणीतरी गोंधळून घुगऱ्यांची वाटी तिच्यापुढे धरली. पाच वर्षांत या घरचं पाणीही न प्यालेल्या पद्मिनीनं ती वाटी घेतली आणि सावकाश, एकेक हरभरा चावून संपवली. मीठ बरोबर पडलं होतं. तिनं वाटी पुन्हा पुढे केली.